घड सत्रात बसत नाही

(दृश्य : पहाट. यावल तालुक्यातली केळीची बाग. घड खांद्यावर घेतलेले मजूर ओळीने बांधाकडे येतात.)

ऊन चढायच्या आत ट्रक भरायचाय. २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालेली ही जळगावची केळी. बागेपासून हाकेच्या अंतरावर महाविद्यालय आहे. तिथल्या वनस्पतिशास्त्राच्या जुन्या अभ्यासक्रमात केळीच्या वाट्याला आलं होतं अर्धं पान. शास्त्रीय नाव, कुळ, उपयोग.

(दृश्य : विभागातला फळा. खडूने मांडलेला हिशेब.)

नव्या शैक्षणिक धोरणाबरोबर पदवीला व्यावसायिक कौशल्याचा पेपर आला, दोन क्रेडिटचा. प्रात्यक्षिकाचं एक क्रेडिट म्हणजे ३० तास, दोनाचे ६०. पंधरा आठवड्यांचं सत्र, आठवड्याला ४ तास. केळीच शिकवायची असं विभागाने ठरवलं, आणि पहिल्याच बैठकीत गाडी अडली.

लागवडीपासून कापणीपर्यंत केळीला अकरा-बारा महिने लागतात. मृगबाग जून-जुलैत लावली, तर ती निसवते, म्हणजे तिचा घड बाहेर पडतो, हिवाळा ओसरताना आणि घड उतरतो तेव्हा कॉलेजला उन्हाळी सुट्टी. पावसाळा सरताना लावतात ती कांदेबाग लावा, घड येईपर्यंत मुलं पुढच्या वर्गात.

(दृश्य : टेबलावर कच्चा मसुदा. लाल शाईच्या रेघा.)

एरवी अभ्यासक्रम कसा होतो? संदर्भग्रंथ उघडायचा, अनुक्रमणिकेचे चार घटक पाडायचे. कोणता विषय ठेवायचा, हे कधी कधी कुणाचा कार्यभार कमी पडतोय त्यावर ठरतं. कॅमेऱ्यासमोर हे कुणी बोललं नाही, टपरीवर सगळे बोलले.

इथे सुरुवात शेवटाकडून झाली. सत्र संपल्यावर मुलांच्या हाताला काय यायला हवं? पहिल्या मसुद्यात होतं, ‘विद्यार्थ्याला ऊतिसंवर्धन समजेल.’ ऊतिसंवर्धन म्हणजे झाडाच्या लहानशा तुकड्यापासून प्रयोगशाळेत, बाटलीत रोपं वाढवणं. ही बघा त्यावरची लाल रेघ. ‘समजेल’ची परीक्षा घेणार कशी? खाली नवं वाक्य लिहिलंय : ‘बाटलीतली रोपं ट्रेमध्ये लावून जगवेल.’

(दृश्य : शेडनेट. बाटलीतून रोप काढणारी बोटं, अगदी जवळून.)

त्या एका वाक्याने वाट सापडली. प्रयोगशाळेतलं रोप नाजूक असतं. मुळांना चिकटलेलं अगार, म्हणजे बाटलीतलं जेलीसारखं माध्यम, धुवायचं, कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात बसवायचं, दमट हवेत झाकून ठेवायचं. मग पिशवीत, शेडनेटखाली, हळूहळू उन्हाची सवय. दोन्ही टप्पे साधारण दीड-दीड महिन्याचे. म्हणजे तीन महिने, जवळजवळ एक सत्र! घड बसत नव्हता, रोप बसलं.

(दृश्य : बाग. कोयत्याने पील, म्हणजे केळीच्या बुंध्यालगत फुटलेले कोंब, काढणारी बाई. भोवती वह्या घेतलेल्या मुली.)

उरलेले तास शेजारच्या बागांना दिले. एकीत दोन महिन्यांची झाडं, दुसरीत निसवलेली, तिसरीत कापणीची. वर्षभराचं पीक एका दुपारी बघून होतं. पील काढायला शिकवतायत या मावशी. मॅडम लिहून घ्यायला लागल्या, तर मावशींनी कोयताच पुढे केला : “आधी काढून पाहा, मंग लिहा.” मसुद्यात प्रात्यक्षिकाचा क्रम त्या दिवशी बदलला.

(दृश्य : विद्यापीठाच्या सभागृहाचं बंद दार. आत जाणारा चहाचा ट्रे.)

मग मसुदा मंजुरीसाठी विद्यापीठाच्या एकेका समितीपुढे : अभ्यास मंडळ, विद्याशाखा, विद्या परिषद. आत चित्रीकरणाची परवानगी नव्हती. दोन दुरुस्त्यांसह मंजुरी मिळाली.

पहिल्या तुकडीतल्या काही जणांनी नर्सरीत काम धरलं, बरेच जण स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत गेले.

(दृश्य : प्रात्यक्षिक परीक्षा. प्रत्येकीपुढे स्वतःचा ट्रे.)

परीक्षकांच्या हातात प्रश्नपत्रिका नाही. ते रोपं मोजतायत. जगलेली एका बाजूला, मेलेली दुसऱ्या. या मुलीचा ट्रे आता येतोय.

(निवेदन थांबते. मोजणी पूर्ण होईपर्यंत दृश्य चालू.)