बंदीच्या दिवसांतला चारचा चहा

नमस्कार मंडळी. आज मला तुम्हाला घराबाहेर काढायचंय, आणि तेही फक्त दोघांना. मुलं नकोत, शेजारचे नकोत, ग्रुपवरचे तर मुळीच नकोत. नवरा-बायको, एक दिवस, समुद्र आणि दुपारी चारचा चहा. आणि हे सगळं जुलैत, भर पावसात, म्हणजे ज्या दिवसांत सगळे सांगतात की आत्ता काय आहे कोकणात, सगळं बंद असतं. अहो, बंद असतं म्हणूनच तर जायचं!

आम्ही पावसाळ्यात अलिबागच्या बाजूला जातो, पनवेलहून एसटीने. पेण, वडखळ, पोयनाड, कार्लेखिंड, की आलंच अलिबाग. गाडी असली तरी घरी ठेवा हं, कारण गाडी चालवणारा रस्त्याकडे बघतो आणि शेजारी बसलेला मोबाईलमध्ये, मग बोलणार कधी? मुंबईकरांनी एक लक्षात ठेवा, गेटवेवरून मांडव्याला जाणाऱ्या लाँच पावसाळ्यात बंद असतात. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, म्हणजे गाड्याही नेणारी मोठी बोट, असते, पण हवा बिघडली की तीही रद्द होते, तेव्हा निघायच्या आधी चौकशी करा.

तर अलिबागला उतरून रिक्षाने आम्ही थळला गेलो. थळच्या किनाऱ्यावर उभं राहिलं की समोर खांदेरी आणि उंदेरी, दोन्ही किल्ले पाण्यात. खांदेरी म्हणजे महाराजांनी १६७९ साली बांधायला घेतला तो, मुंबईच्या इंग्रजांच्या आणि जंजिऱ्याच्या सिद्दीच्या नाकावर टिच्चून. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत आपले किल्ले गेले त्यात तो आहे. पावसाळ्यात तिकडे जाता येत नाही, लांबूनच हात जोडायचे.

आणि किनाऱ्यावर काय, तर सगळ्या होड्या वर ओढून ठेवलेल्या, ताडपत्रीखाली. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते, माशांच्या विणीचे दिवस असतात आणि दर्याही खवळलेला असतो. हे तुम्हाला माहीतच आहे, म्हणून तर आपण ताजी मासळी महाग झाली म्हणून सुक्या बोंबलांवर येतो. पण या बंदीचा अजून एक अर्थ मला त्या दिवशी कळला, आणि तोच सांगायला मी आज आलेय.

झालं असं की पाऊस जोरात आला आणि आम्ही कोळीवाड्याच्या कडेला एका घराच्या पडवीत शिरलो. पडवीत एक म्हातारे बाबा जाळं सांधत बसले होते, पायाच्या अंगठ्यात जाळं अडकवून, हातात ती चपटी सुई, नजर वर न करता हात चाललेले. घरातून मावशी आल्या, म्हणाल्या बसा बसा, आणि पाच मिनिटांत बशीत तळलेले सुके बोंबील घेऊन आल्या. मी म्हटलं मावशी, ह्यांना नको, आज संकष्टी आहे, ह्यांचा उपास. तर बाबांनी पहिल्यांदा मान वर केली. "चवथ ना आज? मंग तीनला भरंल." मला काही कळेना. मग त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजून दाखवलं. तिथीला तीनने गुणायचं आणि चारने भागायचं, की भरतीची वेळ निघाली. चतुर्थी, म्हणजे चार त्रिक बारा, बाराला चारने भागलं, तीन. तीनला भरती भरणार. परत सांगते, लिहून घ्या: तिथी गुणिले तीन, भागिले चार. आणि खरंच, तीनच्या सुमारास पाणी बांधाच्या दगडांवर आदळायला लागलं, पडवीत तुषार यायला लागले, आणि बाबा घड्याळाकडे न बघता जाळंच सांधत होते.

मग चारला मावशींनी चहा टाकला. आलं, दारातला गवती चहा, भरपूर दूध. (चहात आलं आणि गवती चहा पुरे हो, ते पाकिटातले मसाले कशाला टाकतात लोक, चहाची चवच मारून टाकतात.) आम्हाला काचेच्या ग्लासात दिला, बाबांना दिला. बाबांनी एक घोट घेतला आणि तोंड असं वाकडं केलं की विचारू नका. मावशी लगेच सुरू झाल्या, "बघा, बघा याचं तोंड! बोटीवर गेला का कोरा च्या. दूध काय टिकतं दर्यात? आता दोन म्हैने घरी हाय, म्हंते दुधाचा पी, तं दर वर्षाला ह्योच तमाशा. नारळी पुनवेपर्यंत कुठं सवय लागते, आन् मंग चालला परत."

ह्यांनी सहज विचारलं, मग बाबा, बोटीवर चहा करतं कोण? बाबा म्हणाले, मीच. आणि मावशी एकदम गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "मला कुठं कधी पाजलास?" इतकी वर्षं संसार केला, नातवंडं झाली, आणि बाईने नवऱ्याच्या हातचा चहा प्यायलेलाच नव्हता! बाबा उठले. जाळं बाजूला ठेवलं, आत गेले, टोपात पाणी, पत्ती, साखर, खळखळ उकळला, आणि गाळून मावशींच्या हातात ग्लास दिला. काळा कुळकुळीत. मावशींनी घोट घेतला आणि तोंड केलं, अगदी बाबांनी केलं होतं तस्संच वाकडं! "कडू जहर!" म्हणाल्या, आणि शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. आम्ही चौघंही इतके हसलो, इतके हसलो की शेजारची सून बघायला आली काय झालं म्हणून.

मंडळी, आपण ज्याला ऑफ सीझन म्हणतो ना, तोच त्या घराचा सीझन. हेच दोन-सव्वादोन महिने दुपारी चारला दोघं एका पडवीत असतात. डिसेंबरात तुम्ही जाल तेव्हा किनाऱ्यावर घोडागाड्या भेटतील, बनाना राईड भेटेल, बाबा भेटणार नाहीत, ते दर्यात असतील. आणि नाताळात तिथे रांगेत उभं राहून जो चहा मिळतो तो कागदी कपात, त्याला कागदाचाच वास. चहा काचेच्या ग्लासात नाहीतर कपबशीत, माझं यात कुणाशी पटत नाही आणि मी पटवूनही घेणार नाही.

बाकी तयारीचं काय सांगू, छत्री आणि कोरडे कपडे तुम्ही घ्यालच. फक्त पाण्यात उतरायचं नाही. परत सांगते, पावसाळ्यात पाण्यात उतरायचं नाही, गुडघाभर सुद्धा नाही, लाट ओढून नेते. लाटा बघायच्या त्या वरून. आणि चहाच्या वेळेला भरती हवी असेल तर चतुर्थी किंवा पंचमी धरा, शुक्ल असो की वद्य. पंचमीला पंधरा भागिले चार, पावणेचार. अष्टमीला गेलात तर भरती सहाला, चारला पाणी अजून चढतंच असेल. थोडं मागेपुढे होतं, पण हिशेब चुकत नाही.

शनिवार-रविवार नको, मधल्या वारी एक रजा टाका. कालनिर्णय भिंतीवर आहेच, हा कार्यक्रम संपला की उठून तिथी बघा आणि घरच्या माणसाला सांगून टाका. नमस्कार.