टेकडीच्या कलाने बांधलेला राजवाडा

श्रोतेहो, नमस्कार. दक्षिण कोरियाच्या राजधानीत, सोलमध्ये, कोरियावर पूर्वी राज्य करणाऱ्या जोसन राजघराण्याचे पाच राजवाडे आहेत. पाहुण्यांना सहसा आधी नेतात ते ग्योंगबोकगुंगला. तो भव्य आहे, जरूर बघा. पण माझा जीव जडला तो छांगदोकगुंगवर.

राजा थेजोंगने १४०५ साली तो बांधला. पाठीशी डोंगर, पुढची जमीन वेडीवाकडी. ग्योंगबोकगुंगमध्ये महाद्वारापासून सिंहासनापर्यंत सारं एका सरळ रेषेत आहे. इथे मात्र बांधणाऱ्यांनी जमिनीचंच ऐकलं. दोनह्वामुन हा मुख्य दरवाजा चक्क एका कोपऱ्यात आहे. आत शिरून उजवीकडे वळायचं, १४११ सालचा दगडी पूल ओलांडायचा, मग डावीकडे वळलं की समोर इन्जोंगजॉन, म्हणजे दरबाराची इमारत. अंगणात दोन्ही बाजूंना दर्जा कोरलेले दगड उभे आहेत. मुलकी अधिकारी पूर्वेला, लष्करी पश्चिमेला, ज्याने त्याने आपल्या दगडापाशी उभं राहायचं.

१५९२ च्या जपानी स्वारीत हे दोन्ही वाडे जळाले. छांगदोकगुंग पुढच्या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा उभा राहिला आणि अडीचशे वर्षं राज्यकारभार इथूनच चालला.

आता जरा वर बघा. वळचणीखालच्या लाकडावर निळा, तांबडा, पिवळा, पांढरा, काळा असे रंग भरलेले आहेत. त्याला दानछोंग म्हणतात. शोभा तर आहेच, शिवाय ऊन-पाऊस आणि किडीपासून लाकूड त्याने जपलं जातं. छपराची वळचण खोल ठेवलेली, त्यामुळे उन्हाळ्यातलं माथ्यावरचं ऊन बाहेर अडतं आणि हिवाळ्यातलं तिरपं ऊन आत येतं. राहत्या दालनांच्या जमिनीखाली ओन्दोल आहे: बाहेरून चूल पेटवायची, तिची आच आणि धूर फरशीच्या दगडांखालून फिरून दूरच्या धुराड्याने बाहेर पडतो. तिथल्या थंडीत उबदार जमिनीवरच बसायचं, तिथेच निजायचं. उन्हाळ्यासाठी शेजारी लाकडी तक्तपोशीची उघडी ओसरी.

नाकसॉनजे मात्र चुकवू नका. १८४७ साली राजा हॉनजोंगने बांधलेल्या या वाड्याला रंगच दिलेला नाही. नुसतं लाकूड, कागद लावलेल्या खिडक्या, आणि प्रत्येक खिडकीच्या जाळीची नक्षी निराळी. राजाला असं साधं घर हवंसं वाटलं, याचं मला फार अप्रूप आहे. राजघराण्यातली शेवटची माणसं इथे १९८९ पर्यंत राहत होती.

मागे हुवॉन ही बाग आहे. चौकोनी तळं, मधोमध गोल बेट, आणि तळ्याकाठच्या चढावर १७७६ साली राजा जोंगजोने उभारलेलं ग्रंथालय. थोडं आत गेलं की एक छोटंसं भातखाचर लागतं. राजा तिथे भात लावी, आणि त्याच भाताच्या पेंढ्याने शेजारचा मंडप शाकारत.

जाणार असाल तर सोमवार टाळा, त्या दिवशी वाडा बंद असतो. हुवॉनचं तिकीट वेगळं असतं आणि प्रवेश ठरलेल्या वेळीच मिळतो, तेव्हा नोंदणी आधी करा. पायांत चढउताराला सोयीचे बूट असू द्या.