शनिवारचा चौथा तास

कोल्हापूर. शनिवार, सकाळची शाळा. आठवीच्या वर्गातले बाक भिंतीला सरकवलेत. मुलं खाली गोल करून बसलीत आणि मधे एक फुटबॉल आहे, शिवण उसवलेला. ज्याच्या हातात बॉल, त्यानं बोलायचं. बाकीच्यांनी ऐकायचं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत दोघांची जुंपली. पेठेच्या फुटबॉल संघाला कुणी बोललेलं या गावात खपत नाही. एकाच्या शर्टाचा खिसा फाटला. पूर्वी दोघांना अंगठे धरायला लावले असते, डायरीत शेरा, विषय संपला. दोन मिनिटांचं काम.

आज बाई अख्खा तास देणार आहेत. काय झालं? त्रास कुणाकुणाला झाला? आता ते नीट कसं करायचं? ‘का केलंस?’ हे त्या मुद्दाम विचारत नाहीत. त्यावर पोरं सबबी शोधतात.

शाहू महाराजांनी 1917 साली करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिन्याला एक रुपया दंड होता. मुलं वर्गात यावीत म्हणून जिथं एवढा आटापिटा झाला, तिथं एखादं पोर वर्गाबाहेर उभं केलेलं मला बघवत नाही.

2009च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 17नं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली. पण छडीच्या जागी जे करायचं, त्याला वेळ लागतो. सहावी ते आठवीला वर्षाचे 1000 तास शिकवायचे, त्यात चाचण्या, स्नेहसंमेलन. पोर्शन संपत नाही ही शिक्षकांची तक्रार खोटी नाही. म्हणूनच बाईंनी हा तास वेळापत्रकात लिहून घेतला. परिपाठात उरकू म्हटलं असतं, तर सूचनांखालीच दबून गेलं असतं.

आणि भांडण नसलं तरी वर्ग शनिवारी गोल बसतोच. नाहीतर गोल बसणं हीच मुलांना शिक्षा वाटेल.

बॉल आता खिसा फाटलेल्याच्या हातात आहे. बराच वेळ तो उसवलेली शिवण बोटानं चाचपत राहतो.

“घरात आई मलाच बोलणार. तू येऊन सांग, कसा फाटला ते.”

समोरचा मान खाली घालतो. बॉल त्याच्याकडे येतो.

“येतो. आजच येतो.”

शाळा सुटते. दोन सायकली एकाच गल्लीत वळतात.