वळसा आहे की नाही?

(दृश्य: नारायणगावजवळचं पॅकहाउस. पेट्या भरल्या जात आहेत.)

फेब्रुवारीत तोडलेल्या द्राक्षांतली उष्णता सहा-आठ तासांत काढावी लागते. प्री-कूलिंग झालं की प्रत्येक पेटीत बुरशी रोखणारा, सल्फर डायऑक्साइड सोडणारा पॅड, आणि मग शून्य अंशाला लावलेला ४० फुटी रीफर, म्हणजे थंड कंटेनर. न्हावा शेव्याहून सुएझमार्गे रॉटरडॅमला तीन-साडेतीन आठवडे लागायचे. २०२४च्या हंगामात आफ्रिकेला वळसा घालून ३५ ते ४० दिवस लागले. इतक्या दिवसांत पॅडचा जोर ओसरतो, देठ तपकिरी पडतात, मणी गळतात. भाव तिकडे माल उघडल्यावर ठरणार असेल, तर तूट बागायतदाराच्या पदरात.

(दृश्य: नकाशा. तांबड्या समुद्राच्या दक्षिण टोकाची सामुद्रधुनी, बाब अल-मंदेब.)

इथं समुद्र जेमतेम ३० किलोमीटर रुंद आहे. गाझातल्या युद्धाचं कारण देऊन येमेनच्या हूती बंडखोरांनी १९ नोव्हेंबर २०२३ रोजी हेलिकॉप्टरमधून उतरून ‘गॅलेक्सी लीडर’ हे जहाज ताब्यात घेतलं. डिसेंबरच्या मध्यात मेअर्स्क, हापाग-लॉइड आणि एमएससी या जहाज कंपन्यांनी तांबडा समुद्र टाळायला सुरुवात केली. सामुद्रधुनी कुणी बंद केली नव्हती. तिथून जाण्याची किंमत वाढली होती. युद्धजोखमीचा विमा एका फेरीला जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला. १० कोटी डॉलरच्या जहाजाला ०.७ टक्क्याने ७ लाख डॉलर होतात. आणि भरपाई जहाजाची मिळते, खलाशांचा जीव परत येत नाही. ६ मार्च २०२४ रोजी हल्ल्यात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ जहाजावरचे तिघे मारले गेले, वाचलेल्यांना आयएनएस कोलकाताने जिबूतीला पोचवलं.

उरला आफ्रिकेचा वळसा. मुंबई-रॉटरडॅम अंतरात त्याने चार हजारांहून जास्त सागरी मैलांची भर पडते. १५ नॉट वेगाने दिवसाला ३६० मैल कापले जातात, म्हणजे जाताना साधारण १२ दिवस जास्त आणि येताना तेवढेच.

बातम्यांत सहसा न येणारा हिशोब इथून पुढे सुरू होतो. दर आठवड्याला एक जहाज सोडायचं आणि फेरी ५६ दिवसांची, तर ८ जहाजं पुरतात. फेरी ८० दिवसांची झाली की १२ लागतात. ही चार जहाजं दुसऱ्या मार्गांवरून काढली जातात. रिकामे कंटेनरही उशिरा परततात. म्हणून तांबड्या समुद्राच्या वाटेलाही न जाणाऱ्या चाकणच्या सुट्या भागांचं भाडं चढतं. एफओबीवर, म्हणजे जहाजावर चढवेपर्यंतच्या भावाने विकलं असेल तर वाढीव भाडं ग्राहक भरतो, सीआयएफवर, म्हणजे भाडं-विमा धरून विकणाऱ्याला ते स्वतःच्या नफ्यातून द्यावं लागतं. करार करताना सरचार्ज कुणाच्या माथी, एवढं एक कलम लिहून घेतलेलं बरं.

(दृश्य: होर्मुझची सामुद्रधुनी, इराणच्या आखाताचं तोंड.)

होर्मुझचं गणित वेगळं, कारण तिथं वळसाच नाही. २०२४ मध्ये इथून रोज सुमारे २ कोटी बॅरल तेल जात होतं, जगाच्या वापराच्या जवळपास पाचवा हिस्सा. सौदीची यान्बूपर्यंतची आणि अमिरातीची फुजैरापर्यंतची पाइपलाइन त्यातला काही भागच उचलू शकते. कतारच्या द्रवरूप नैसर्गिक गॅसला (एलएनजी) तेवढीही सोय नाही.

कच्च्या तेलासाठी विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूर इथं जमिनीखाली ५३.३ लाख टनांची साठवण आहे. गॅसचं तसं जमत नाही. तो उणे १६२ अंशांना ठेवावा लागतो आणि तरीही थोडा थोडा उडतच राहतो. देशी गॅसच्या वाटपात घरगुती पाइपगॅस आणि सीएनजीला प्राधान्य मिळतं. कारखान्यांना आयात गॅसवर जास्त भिस्त ठेवावी लागते. त्यामुळे होर्मुझ तापलं की पुण्यात पेट्रोल पंपावरच्या रांगेआधी चाकण-तळेगावच्या भट्ट्यांचं गॅसबिल बघावं.