इंजिन बसलं, बॉनेट बसेना

अध्यक्षांनी माझी ओळख 'मोटारींचे जाणकार' अशी करून दिली. जाणकार वगैरे काही नाही हो, एकच चूक सव्वा वर्ष मन लावून केलेला माणूस आहे मी. विषय छापलाय 'घरच्या सेडानला मोठं इंजिन : कितपत व्यवहार्य?' व्यवहार्यतेकडे येतोच, पण आधी बॉनेटचं सांगतो.

या नादाला लागलेला प्रत्येक जण पहिल्यांदा एकच विचारतो, "बसेल का?" मीही तेच विचारलं होतं. गाडी १.३ लिटरची, चार दरवाजांची, मागच्या सीटवर मुलांच्या बालपणाचे सगळे डाग. जरा चढ आला की हिला दुसरा गिअर लागायचा आणि मागचे लोक हॉर्न वाजवायचे. तेवढ्यात एका ठोकलेल्या गाडीचं २ लिटरचं इंजिन मिळालं. आमचा एक मित्र लेथवर काम करतो. त्याने टेप काढला, लांबी मोजली, रुंदी मोजली आणि म्हणाला, "आरामात बसतंय."

शनिवारी सकाळी चेन पुली टांगली. संध्याकाळपर्यंत जुनं बाहेर, नवं आत. माउंटिंगची, म्हणजे इंजिन चासीला धरून ठेवणाऱ्या आधारांची, भोकं जुळेनात, म्हणून ब्रॅकेट कापून वेल्ड केले. शेवटचा बोल्ट आवळल्यावर आम्ही एकमेकांना मिठी मारली. मग बॉनेट लावायला गेलो, तर ते दोन बोटं वरच. उंची कोणी मोजलीच नव्हती!

हसा. मित्र म्हणाला, "दोन बोटं खाली घेऊ." घेतलं. त्याबरोबर ऑइल चेंबर खाली उतरला, आणि गतिरोधक दिसला की माझा श्वास अडकायचा. चाकांना ताकद पोचवणाऱ्या दांड्याचा, म्हणजे ड्राइव्हशाफ्टचा, कोन बदलला, तशी वेग घेताना गाडी थरथरायला लागली. एसीचा कॉम्प्रेसर चासीला अडायला लागला, म्हणून तो काढून ठेवला. तात्पुरता. गॅरेजमध्ये 'तात्पुरता' म्हणजे कायमचा, हे इथल्या बऱ्याच जणांना ठाऊक असेल.

मग वायरिंग. किल्ली फिरवली, इंजिन लागलं. काय आवाज! दोन सेकंदांत बंद. परत लावलं, परत दोन सेकंद. आठ दिवस आम्ही पेट्रोलचा पंप, फिल्टर, प्लग असं एकेक बदलत बसलो. शेवटी एका इलेक्ट्रिशियनने सांगितलं की याचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, त्याची स्वतःची किल्ली शोधतोय. किल्लीच्या मुठीत चिप असते. तिची ओळख पटली नाही, तर इमोबिलायझर इंजिन चालू ठेवू देत नाही. त्या ठोकलेल्या गाडीची किल्ली आणि कुलुपाभोवतीची ॲन्टेनाची कडी मिळवायला दीड महिना गेला. कडी स्टिअरिंगखाली दडवली आणि तिच्यात ती किल्ली इन्सुलेशन टेपने कायमची चिकटवून टाकली. म्हणजे चोराला अडवण्यासाठी केलेली सोय मी चोराच्याच हवाली केली.

पळायची का? पळायची! पण एसी नाही, पेट्रोलचा वास, तापमानाचा काटा मेलेला आणि रेडिएटर १.३ चाच. गाडी तापलीय हे काचेवर वाफ आली की कळायचं. पहिल्याच सहलीला अर्ध्या वाटेत बायको म्हणाली, "पुढच्या स्टँडवर आम्हाला उतरव, आम्ही बसने येतो." फॅमिली सेडानमधून फॅमिलीच उतरली!

मागून कोणीतरी मर्सिडीज म्हणालं. थांबा, ती गोष्ट सांगितल्याशिवाय मलाही राहवत नाही. एरिक वॅक्सनबर्गर नावाच्या त्यांच्या इंजिनिअरने '६००' या अवाढव्य लिमोझिनचं ६.३ लिटरचं व्ही-८ इंजिन ३०० एसईएलमध्ये घातलं, जिथे आधी ३ लिटरचं सहा सिलिंडरी असायचं. १९६८ मध्ये ती गाडी बाजारात आली. २५० अश्वशक्ती, ताशी २२० किलोमीटर, आणि बाहेरून दिसायला साहेबी सेडान. पण त्या इंजिनिअरच्या पाठीशी अख्खा कारखाना होता. आमच्या पाठीशी लेथ.

मला जास्त शिकवलं ते पॉन्टिॲक या अमेरिकन कंपनीने. टेम्पेस्ट या मधल्या आकाराच्या गाडीत ३२६ घनइंची व्ही-८ होतंच. १९६४ साली तिथे ३८९ घनइंची, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचं घातलं आणि त्यांची गाजलेली 'जीटीओ' झाली. सोपं का गेलं? दोन्ही इंजिनांचा बाहेरचा साचा एकच, माउंटिंग तीच. उलट होंडाचं पाहा. जुनी बी मालिका आणि नंतरची के मालिका, इंजिनं एकाच घराण्याची, पण फिरतात उलट दिशांना. म्हणजे गिअरबॉक्ससकट सगळा संसार हलवावा लागतो. 'एकाच कंपनीचं आहे, बसेल' या बोलण्याला काही अर्थ नाही.

चिठ्ठी आली. सात मिनिटं? बरं, मग पळत सांगतो.

हवेला कापत जायला लागणारी ताकद वेगाच्या घनात वाढते. अश्वशक्ती दुप्पट केलीत तर कमाल वेग जेमतेम सव्वापट होतो, १६० चा २०० धरा. त्या २०० ला ब्रेकना जिरवायची ऊर्जा मात्र दीडपटीहून जास्त. तेव्हा ब्रेक आधी, इंजिन नंतर. मोठ्या इंजिनचं वजन पुढच्या चाकांवर येतं, गाडीचं नाक जड होतं आणि वळणावर ती बाहेर ओढते. पुढच्या चाकांवर चालणारी असेल तर जोरात वेग घेताना स्टिअरिंग हातातून हिसकते. क्लच आणि गिअरबॉक्स जुन्या टॉर्कच्या हिशेबाचे, ते बोलतीलच. इंजिन नंबर बदलला की नोंदणी आणि विमा दोन्हीकडे कळवायचं, नाहीतर अपघातानंतर विमावाला तेच पान उघडेल.

मग करावंच का? एका परिस्थितीत हो. तुमच्याच मॉडेलच्या त्याच पिढीत कंपनीने मोठं इंजिन दिलं असेल तर. पण तेव्हाही नुसतं इंजिन घेऊ नका, ठोकलेली अख्खी गाडी घ्या. गिअरबॉक्स, ड्राइव्हशाफ्ट, ब्रेक, रेडिएटर, वायरिंग, ईसीयू, किल्ली, सगळं एकाच घरातून येऊ द्या. हिशेब मांडल्यावर बहुतेक वेळा आपली विकून मोठ्या इंजिनची तीच गाडी घेणं स्वस्त पडतं, हे मीच सांगतो.

आणि त्याहीआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडर दाब धरतात का ते, तपासा. आमचं उतरवलेलं १.३ मित्राने नंतर सहज म्हणून उघडलं. दोन सिलिंडरच्या रिंगा झिजलेल्या. गाडी कमजोर नव्हतीच हो, आजारी होती.

शेवटचा प्रश्न घेतो. काय? हां, आता तेच १.३ परत बसवलंय, नव्या रिंगा घालून. चढ तिसऱ्यात चढते, बॉनेट लागतं, घरचे बसतात. ती दुसरी किल्ली मात्र स्टिअरिंगखालीच आहे. टेपचा डिंक उन्हाने वितळलाय, निघतच नाही.