कंपनीतली धाकटी : फेलिसिटी केंडल

(दृश्य : जुहू, संध्याकाळ. पृथ्वी थिएटरबाहेरची रांग.)

जुहूच्या या गल्लीत रोज संध्याकाळी रांग लागते ती नाटकासाठी. जेमतेम २०० प्रेक्षकांचं थिएटर. तिसरी घंटा झाली की दार बंद, मग येणारा कितीही मोठा असो.

आत चला. रंगमंचाच्या तीन बाजूंना प्रेक्षक बसतात. तालमीच्या वेळी आम्ही कॅमेरा पहिल्या रांगेत ठेवला होता. बघा, नटाच्या मानेवरून ओघळणारा घामाचा थेंबसुद्धा इथून दिसतो. इथे खोटं काम करून चालत नाही.

५ नोव्हेंबर १९७८ रोजी हे थिएटर सुरू झालं. उभं केलं शशी कपूर आणि त्यांच्या पत्नी जेनिफर केंडल यांनी. पहिलं नाटक आपल्या गो. पु. देशपांडे यांचं, ‘उद्ध्वस्त धर्मशाळा’, हिंदीतून. जेनिफरचं नाव मुंबईतला नाटकवाला आजही आदराने घेतो. पण जेनिफरची धाकटी बहीण, अभिनेत्री फेलिसिटी, आपल्याकडे फारशी कुणाला आठवत नाही. आपली गोष्ट तिची आहे.

(दृश्य : पत्र्याची ट्रंक. झाकण उघडतं.)

ही ट्रंक केंडल कुटुंबाची नव्हे, एका नाट्यसंस्थेने चित्रीकरणापुरती दिलेली. पण आतला ऐवज तोच. मखमलीचा झगा, कोपरावर दोनदा रफू केलेला. पत्र्याचा मुकुट. कागदात गुंडाळलेली दाढी, कडेला अजून गोंद चिकटलेला. फिरत्या कंपनीचं सगळं राज्य अशा पाच-दहा ट्रंकांत मावतं.

वडील जेफ्री. मूळ आडनाव ब्रॅग, पण इंग्लंडच्या उत्तरेला केंडल नावाच्या गावी जन्मले आणि रंगमंचासाठी गावाचंच नाव लावलं. आई लॉरा लिडेल, तीही अभिनेत्री. दोघांनी ‘शेक्सपिअराना’ ही कंपनी काढली आणि १९४७ मध्ये, देश स्वतंत्र होत असताना, ती घेऊन भारतात आले. १९५३ च्या सुमारास ते पुन्हा आले, तेव्हा १९४६ च्या सप्टेंबरात बर्मिंगहॅमजवळ जन्मलेली फेलिसिटी सहा-सात वर्षांची होती. रंगमंच तिला नवा नव्हता. नऊ महिन्यांची असताना शेक्सपिअरच्या एका नाटकात तिला कडेवर घेऊन प्रेक्षकांसमोर आणलं होतं.

(दृश्य : धावती रेल्वे, खिडकीतून दिसणारी शेतं. मग एका शाळेचा रिकामा हॉल.)

त्यानंतरची वर्षं अशी गेली. आगगाडी, स्टेशन, ट्रंका उतरवणं, हॉल शोधणं. आज संस्थानिकाच्या राजवाड्यात प्रयोग, उद्या डोंगरावरच्या कॉन्व्हेंट शाळेत. जेवणाची टेबलं बाजूला सरकवायची, पडदे बांधायचे की झालं थिएटर. माणसं मोजकी, म्हणून एकेका नटाच्या वाट्याला दोन-तीन भूमिका. प्रयोग संपला की राजाराणीने स्वतःचे झगे स्वतः घडी घालून ठेवायचे. बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरणाऱ्या आपल्या जुन्या नाटक कंपन्यांना यातलं काहीच परकं वाटलं नसतं.

या कंपनीत उत्पल दत्त होते. पुढे तरुण शशी कपूर आले, आणि जेनिफरशी त्यांचं लग्न झालं ते १९५८ मध्ये. धाकटी मात्र विंगेत वाढत होती. कॉन्व्हेंट शाळा किती बदलल्या! खरी शाळा विंगेतच. आधी लहान मुलांची कामं, मग शेक्सपिअरच्या नाटकांतल्या जेसिका, ऑफिलिया, व्हायोला. बाकांवर दाटीवाटीने बसलेली मुलं दिवसभराच्या वर्गांनी दमलेली असत. त्यांना कधी हसू येतं आणि ती कधी चुळबुळायला लागतात, हे ज्याला कळतं, त्याला पुढे कुठल्याही प्रेक्षकाची भीती वाटत नाही, असं मला मनापासून वाटतं.

(दृश्य : कृष्णधवल छायाचित्रं.)

१९६५ चा ‘शेक्सपिअर वाला’. निर्माते आपले मुंबईकर इस्माईल मर्चंट, दिग्दर्शक जेम्स आयव्हरी, कॅमेरा सुब्रत मित्र, संगीत सत्यजित राय. कथा केंडल कुटुंबाच्या भटकंतीवरूनच सुचलेली. जेफ्री आणि लॉरा पडद्यावरही नवरा-बायको आणि फेलिसिटी त्यांची लेक लिझी. हे छायाचित्र नीट बघा. चेहऱ्यावर अठरा वर्षांचं कोवळेपण आहे, पण उभी कशी राहिली आहे! पाय जमिनीत रोवून, खांदे सैल. हे उभं राहणं दहा वर्षांच्या दौऱ्यांनी शिकवलं. सिनेमा गर्दी खेचू लागतो आणि नाटक कंपनीचे प्रयोग आटत जातात, ही त्या चित्रपटाची व्यथा. शेवटी लिझी मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघते. फेलिसिटीनेही पुढे इंग्लंडचीच वाट धरली.

तिथे सुरुवात पुन्हा शून्यातून. १९६६ मध्ये बीबीसीच्या एका नाटकात ज्येष्ठ इंग्रज नट जॉन गिलगुड यांच्यासोबत काम, १९६७ मध्ये लंडनच्या रंगमंचावर पाऊल. १९७४ मध्ये नाटककार ॲलन एकबर्न यांच्या नाट्यत्रयीत तिची ॲनी गाजली, आणि तिथून दूरचित्रवाणीचं दार उघडलं.

(दृश्य : वाफा खणणारे हात, गमबूट, चिखल.)

‘द गुड लाइफ’, बीबीसी, १९७५. चाळिशीला आलेला टॉम नोकरी सोडतो. नोकरी कसली, तर धान्याच्या पाकिटात घालायची प्लॅस्टिकची खेळणी आखण्याची. तो आणि बायको बार्बरा लंडनच्या उपनगरातल्या घरासमोरची हिरवळ खणून भाजी लावतात, डुकरं, कोंबड्या, शेळी पाळतात. ही बार्बरा म्हणजे फेलिसिटी. मालिकेतली घरातली दृश्यं स्टुडिओत प्रेक्षक बसवून चित्रित होत. समोर जिवंत माणसं, हशा किती वेळ टिकू द्यायचा आणि पुढचं वाक्य कधी उचलायचं, हे तिथल्या तिथे ठरवायचं. शाळेच्या हॉलांत मुरलेली ती, तिला कोण शिकवणार! जून १९७८ मध्ये शेवटच्या भागाच्या चित्रीकरणाला स्वतः राणी एलिझाबेथ हजर होत्या. पाचच महिन्यांनी इकडे जुहूत थोरल्या बहिणीने आपलं दार उघडलं.

१९८४ मध्ये जेनिफर कर्करोगाने गेली.

(दृश्य : पृथ्वीच्या विंगेतला अंधार, एकच दिवा.)

चित्रपट धाकटीने मोजकेच केले. पुढच्या मालिकांतली ठळक म्हणजे २००३ ते २००६ ची ‘रोझमेरी अँड थाइम’, बागा राखता राखता गुन्ह्यांचा छडा लावणाऱ्या दोघींची. पण रंगमंच तिने कधी सोडला नाही. नाटककार टॉम स्टॉपर्ड यांचं बालपण काही काळ दार्जिलिंगला गेलेलं. त्यांनी भारतावर लिहिलेली श्रुतिका तिलाच अर्पण केली. तीच १९९५ मध्ये ‘इंडियन इंक’ म्हणून रंगमंचावर आली, आणि १९३० च्या भारतात आलेली इंग्रज कवयित्री फ्लोरा क्रू फेलिसिटीनेच उभी केली. लहानपणी पाहिलेला उजेड आणि उकाडा तिला कुणाला विचारावा लागला नसेल.

२०२३ मध्ये, वयाच्या ७६ व्या वर्षी, ती लंडनच्या फिनिक्स थिएटरमध्ये ‘नॉइजेस ऑफ’ या नाटकात होती. नाटकाचा विषय, गावोगाव प्रयोग करत फिरणारी एक कंपनी. पडदा उघडतो, आणि मोलकरणीच्या वेशात, हातात माशांची ताटली घेऊन ती येते.

(दृश्य : पृथ्वी थिएटर. तिसरी घंटा. दार बंद होतं.)