एकही नवे भोक नको

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

मंचाच्या डाव्या बाजूला सोलापुरी चादरीखाली जे उभे आहे ते कपाट नाही, हे आधीच स्पष्ट करतो. कारण दोन जिने चढवून ते वर आणणाऱ्या चौघांपैकी एकाने मघाशी मला विचारले की, व्याख्यानाला कपाट कशाला लागते. ते व्हिडिओ गेमचे कॅबिनेट आहे, पार्लरमध्ये उभे राहून खेळायचे. पत्रिकेत आजचा विषय ‘जुन्या खेळयंत्राचे पुनरुज्जीवन आणि एम्युलेशन’ असा भारदस्त छापला आहे. माझे म्हणणे त्या मानाने फारच लहान आहे आणि ते मी आत्ताच सांगून टाकतो, म्हणजे पुढे वेळ संपला तरी काही बिघडणार नाही: रिकाम्या कॅबिनेटमध्ये जुना खेळ चालवणारा संगणक बसवणे हे पाप नव्हे, मात्र त्यापायी त्याच्या लाकडाला एक जरी नवे भोक पाडले, तर ते पाप आहे.

तुमच्यापैकी ज्यांची शाळा नव्वदच्या दशकात झाली त्यांना पार्लर म्हणजे काय हे सांगायला नको, आणि ज्यांची त्याआधी झाली त्यांनी आपल्या चिरंजीवांना कान धरून तिथून कधी ना कधी बाहेर काढलेले असणारच. सांगलीत आमच्या शाळेच्या वाटेवर असे एक पार्लर होते. दाराला जाड पडदा, आत दहा बाय बाराची खोली, चार यंत्रे, रुपयाला एक टोकन. कोपऱ्यातले यंत्र ‘मुस्तफा’चे. त्या खेळाचे खरे नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. जपानच्या कॅपकॉम कंपनीने तो १९९३ साली काढला. पण ते नाव आमच्यापैकी कोणी कधी उच्चारले नाही, कारण पिवळी टोपी घातलेला मुस्तफा नावाचा गडी धावत येऊन अशी काही लाथ घालत असे की, खेळ आपसूकच त्याच्या नावावर चढला. बाकीच्या तीन नायकांची नावे मला वयाच्या पस्तिशीत कळली.

याच सुमारास आमच्या घरातला गॅसचा लायटर वारंवार हरवू लागला. आईचा संशय मोलकरणीवर गेला, याची मला आजही लाज वाटते, कारण तो माझ्या दप्तरात असे. टोकन टाकायच्या फटीजवळ लायटर नेऊन ‘टक’ केले की पडद्यावर एक क्रेडिट, म्हणजे एक डाव, वाढत असे. यात जादू काही नव्हती. लायटरमधल्या स्फटिकावर हातोडी आपटली की काही हजार व्होल्टची ठिणगी पडते, त्या ठिणगीबरोबर रेडिओलहरींचा एक झटका बाहेर पडतो, आणि नाण्याच्या स्विचपासून बोर्डापर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या चिपांच्या पाटीपर्यंत, गेलेली उघडी तार अँटेनासारखी तो झटका पकडते. बोर्डाला वाटते, टोकन पडले. मालकांच्या हे महिनाभराने लक्षात आले आणि त्यांनी दारावर ‘आत लायटर आणू नये’ अशी पाटी लावली. गावातल्या सभ्य गृहस्थांनी ती धूम्रपानाविषयी आहे असे समजून मालकांचे जाहीर कौतुक केले.

आता माझ्या पहिल्या कॅबिनेटची गोष्ट सांगतो. अध्यक्षांनी घड्याळाकडे पाहू नये, ती लांब आहे. २०१२ साली पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी मला असेच एक कॅबिनेट दिसले. बोर्ड नाही, पिक्चर ट्यूब नाही, मागचा दरवाजाही नाही. नुसता प्लायवुडचा सांगाडा, पण दोन्ही बाजूंना हाताने रंगवलेला डायनोसॉर होता. तो रंगवणाऱ्या पेंटरने डायनोसॉर पाहिलेला नव्हता, मगर पाहिली असावी, कारण त्याचे पाय बाहेरच्या बाजूला फेंगडे काढलेले होते. मला तो अतिशय आवडला. मी ते कॅबिनेट वजनावर विकत घेतले, टेम्पोने घरी आणले आणि एका सुताराच्या स्वाधीन केले. त्याला मी बजावून सांगितले की, खालची कुजलेली फळी बदला, मागे दरवाजा बसवा आणि बाकी कशालाही हात लावू नका. नंतर मी एका लग्नासाठी चार दिवस सांगलीला गेलो.

परत आलो तेव्हा डायनोसॉर नव्हता. त्याच्यावर अक्रोडी रंगाचा चकचकीत सनमायका फेविकॉलने असा काही चिकटवला होता की, तो ओढायला जावे तर खालचा रंग सालपटासकट निघाला असता. समोरच्या पट्टीत बत्तीस इंची टीव्हीच्या मापाची चौकट कापलेली होती, कारण ‘हल्ली ट्यूब कोण लावतो?’. आणि खेळाडूने हात टेकायच्या पट्टीवर, उजव्या अंगाला, एक सुबक गोल भोक पाडलेले होते. मी विचारले, हे काय? त्या भल्या माणसाने समाधानाने सांगितले, “साहेब, चहाचा कप ठेवायला. याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत.”

मी त्याला दोष देत नाही. त्याच्या दृष्टीने ते फर्निचर होते आणि फर्निचर नवे दिसले म्हणजे काम झाले. दोष माझा, कारण लग्नाला मी जायला नको होते. नवरा-नवरीलाही आता तसेच वाटते. पण त्या चहाच्या भोकाने मला एक नियम दिला. तो मी दुसऱ्या कॅबिनेटच्या आत पेन्सिलीने लिहून ठेवला आहे आणि तोच या व्याख्यानाचा विषय आहे.

दुसरे कॅबिनेट म्हणजे हे, चादरीखालचे. पार्लर बंद पडल्यावर मालकांनी तिथे मोबाइल रिचार्जचे दुकान काढले आणि यंत्राच्या आत फळ्या ठोकून त्याचे खरोखरच कपाट केले. त्यामुळे मघाच्या त्या गृहस्थांचे अगदीच चुकले असे म्हणता येणार नाही. मी मोजली तेव्हा खिळ्यांची तेरा भोके होती. ती माझी नव्हेत, मी ती लांबी भरून बुजवली. तळाच्या फळ्या दरवर्षीच्या पुसण्याधुण्याने फुगून पुस्तकाच्या पानांसारख्या सुटल्या होत्या आणि मागच्या कोपऱ्यात वाळवीने आपली माती आणून ठेवली होती. तळाचा सहा इंचांचा भाग कापून तिथे त्याच जाडीचा, १९ मिलिमीटरचा, नवा प्लाय खाच करून बसवला, आणि वाळवीचे औषध इंजेक्शनच्या सुईने एकेका बोगद्यात सोडले. वाळवीने पाडलेली भोके वापरताना परवानगीचा प्रश्न येत नाही.

पैशांच्या पेटीला कुलूप होते, किल्ली नव्हती. ते उघडायला दीड तास गेला. आत सात टोकने निघाली, एक गंजलेले ब्लेड, आणि पेटीच्या मागच्या पत्र्याला चिकटवलेली लक्ष्मीची तसबीर, जिच्यावर कुंकवाचे बोट इतक्या वेळा उमटले होते की चेहरा दिसेनासा झाला होता. म्हणजे मालक रोज सकाळी पेटी उघडून आधी तिची पूजा करत असणार. ती तसबीर मी हलवलेली नाही.

कंट्रोल पॅनेलच्या पत्र्यावरचा रंग सगळीकडे सारखा उडालेला नव्हता. डावीकडच्या दांड्याभोवती, म्हणजे जॉयस्टिकभोवती, तो तळव्याच्या आकारात पत्र्यापर्यंत घासला गेला होता, आणि मारायच्या बटणाभोवती एक अर्धचंद्राची झीज होती, अंगठा टेकून मधल्या बोटाने बटण बडवणाऱ्याची. उडीच्या बटणाभोवतीचा रंग जवळजवळ शाबूत होता. आम्ही उडी मारतच नव्हतो. एवढा पुरावा पॉलिश पेपरने घासून नाहीसा करणे मला जमले नाही. पत्र्याचा गंज तेवढा काढला आणि वरून पारदर्शक लॅकरचा हात दिला. दांडे जुनेच ठेवले, फक्त आतले मायक्रोस्विच बदलले, कारण त्यांची ‘टिक’ गेली होती आणि ती नसली की बोटाला विश्वास वाटत नाही.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे: ‘दहा मिनिटे’. ज्या मुद्द्यासाठी आपण मला बोलावले तो आता दहा मिनिटांत बसवतो.

पहिली गोष्ट अशी की, कॅबिनेटमधला खेळ बदलणे हा भ्रष्टाचार आहे असे जे शुद्धतावादी म्हणतात, त्यांनी या यंत्रांचा इतिहास पाहावा. निन्टेन्डोने ‘रडार स्कोप’ नावाच्या खेळाची सुमारे तीन हजार यंत्रे अमेरिकेत पाठवली, त्यातली दोन हजारांच्या आसपास विकलीच गेली नाहीत. १९८१ साली त्याच पडून राहिलेल्या कॅबिनेटमध्ये नवा खेळ घालून ‘डाँकी काँग’ जन्माला आला. ‘मिस पॅक-मॅन’ तर मुळात एम.आय.टी. सोडलेल्या काही तरुणांनी पॅक-मॅनच्या यंत्रावर चढवायला तयार केलेला जोडसंच होता. मिडवे कंपनीने तो विकत घेतला आणि १९८२ साली नव्या नावाने बाजारात आणला. पुढे १९८५ च्या सुमारास जपानी उत्पादकांच्या जामा या संघटनेने तारांची जोडणीच प्रमाणित केली: ५६ टोकांचा एक कनेक्टर, त्यात वीज, चित्र, आवाज, दांडे आणि बटणे या सगळ्यांच्या जागा ठरलेल्या. जुना बोर्ड उपसायचा, नवा खुपसायचा, संध्याकाळी धंदा सुरू. म्हणजे कॅबिनेट हे एका खेळाचे देऊळ कधीच नव्हते, ते नाट्यगृह होते आणि त्यात प्रयोग बदलत असत. नाट्यगृहाच्या भिंती मात्र दर प्रयोगाला पाडत नाहीत, एवढेच माझे म्हणणे आहे.

दुसरी गोष्ट, एम्युलेशन म्हणजे नक्कल नव्हे. चिपांमधला मजकूर ही संहिता आहे. ती वाचून मूळ बोर्ड जे करत असे तेच संगणकाकडून टप्प्याटप्प्याने करवून घेणे म्हणजे एम्युलेशन. निकोला सालमोरिया या इटालियन प्रोग्रॅमरने १९९७ च्या फेब्रुवारीत ‘मेम’ या एम्युलेशन करणाऱ्या प्रोग्रॅमची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, ती या यंत्रांची आतली रचना कायमची नोंदून ठेवण्यासाठी. नोंद प्रामाणिक असली पाहिजे, म्हणजे दोषांसकट. १९७८ च्या ‘स्पेस इन्व्हेडर्स’मध्ये शत्रू मरत जातात तसे उरलेले अधिकाधिक वेगाने सरकतात, त्या मंद प्रोसेसरला एका वेळी एकच शत्रू हलवता येत असे, त्यामुळे संख्या घटली की प्रत्येकाची पाळी लवकर येई. एखाद्या हुशार माणसाने तो दोष ‘सुधारला’ तर खेळच उरणार नाही. ‘मेम’सोबत खेळ येत नाहीत, त्यांचे हक्क कंपन्यांकडे आहेत, मी मालकांकडून घेतलेल्या बंद बोर्डावरच्या चिपा रीडरवर वाचून घेतल्या.

तिसरी गोष्ट जोडणीची. जुना ५६ टोकांचा कनेक्टर मी कापला नाही. त्यात दांडे-बटणांचे इशारे संगणकाला कळवणारा जे-पॅक नावाचा एक छोटा बोर्ड खोचला आणि त्याला मागे संगणक जोडला. उद्या कोणाला मूळ बोर्ड मिळाला तर तो मिनिटभरात परत बसेल. पिक्चर ट्यूब एका शेजाऱ्यांनी टाकून दिलेल्या टीव्हीची आहे. आपला जुना टीव्ही सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा काढतो, पार्लरचे बोर्ड त्याच्या अगदी जवळपास, आणि संगणकाचे नेहमीचे चित्र साधारण त्याच्या दुप्पट, म्हणून संगणकाला खास हळू चित्र पाठवायला शिकवावे लागते. लाल, हिरवा, निळा असे तीन संकेत टीव्हीच्या चॅसिसवर, म्हणजे आतल्या सर्किटवर, थेट नेण्याचे काम एका निवृत्त टीव्ही मेकॅनिककाकांनी केले. कृपया हे कोणी घरी करून पाहू नये. ट्यूबला लागणारा वीस-पंचवीस हजार व्होल्टचा भार यंत्र बंद केल्यावरही ट्यूबमध्ये दबा धरून बसतो. काका डावा हात पाठीमागे ठेवूनच काम करत होते, तो उगाच नव्हे.

चिठ्ठी पुन्हा आली आहे. शेवटचे सांगतो आणि चादर काढतो. ‘यात पाच हजार खेळ भरा’ असे मला प्रत्येक जण सांगतो. माझ्या पुतण्याला ‘स्ट्रीट फायटर’ हवा होता. त्याला प्रत्येकी सहा बटणे लागतात, इथे दोन्ही खेळाडूंना तीन-तीनच आहेत, म्हणजे आणखी सहा भोके. पॅक-मॅनला चार दिशांचा दांडा लागतो, हा आठ दिशांचा आहे, त्यावर पॅक-मॅन प्रत्येक कोपऱ्यावर अडखळतो. म्हणून या पॅनेलला जे खेळ शोभतात तेवढेच आत आहेत, अकरा. नाण्याची तार मी या वेळी शिल्डेड, म्हणजे धातूच्या वेष्टनातली, घातली आहे, तेव्हा खिशातले लायटर खिशातच राहू द्यावेत. ती सात टोकने टेबलावर ठेवली आहेत. मुस्तफाचा खेळ मुळात तिघांचा, पण या कॅबिनेटला पहिल्यापासून दोनच दांडे आहेत आणि तिसऱ्यासाठी पत्रा कापावा लागला असता. तिसऱ्याने बाजूला उभे राहून सूचना कराव्यात. सांगलीत ते काम बहुतेक वेळा माझ्याकडेच असे.